दोरावरचा पटका

धावरीचा रथ आता ट्रॅक्टर ओढतो. लाल ट्रॅक्टर, नाकावर झेंडूचा हार, धुराचा भपकारा थेट देवाच्या तोंडावर. मागं लोखंडी साखळी. परवा मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझे डोळे म्हणजे एकातला मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्यातला काढायचा राहिलेला, तेव्हा हवं तर अर्धंच खरं धरा. वडूजला नात्यातलं लग्न होतं. अक्षता टाकल्या, जिलबी हाणली आणि पोराला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करायला एसटीत बसून सोळा मैल पूर्वेला धावरी गावात गेलो.

पिशवीत पटका होता. एके काळी त्याचा रंग केशरी होता असं मी म्हणतो. आमच्या सूनबाई म्हणतात, तो फडकं होण्याच्याही लायकीचा नाही. विश्रामबागेतल्या त्यांच्या झकपक घरात कपाटाच्या तळाशी तो बरीच वर्षं पडून आहे. घडी उघडली की त्यातून अजून करंजाच्या तेलाचा, घामाचा आणि घायपाताच्या दोराचा वास येतो. सूनबाईंना कुबट वास येतो. तोही असेल.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. मोटारीच्या पाठीला भट्टी बांधलेली, तिच्यातून असा वास सुटायचा की गाडी वडूजला असताना धावरीची कुत्री शिंकायला लागायची. चढ आला की ड्रायव्हर ओरडायचा, "गडीमानसं खाली!" मी तिकीट काढलं मोटारीत बसायचं आणि धावरीपर्यंत मोटार आणली ढकलत. वर टपावर माझं सोडा भरायचं मशीन, गॅसची लोखंडी टाकी, आणि गोळीच्या बाटल्यांची सात खोकी. मी सांगलीचा, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेला. सांगलीत सोडा पिणारे थोडे आणि विकणारे घराघरात. म्हटलं, जिथं पाणी नाही तिथं सोडा खपेल. इतका शहाणपणाचा विचार मी जन्मात पुन्हा केला नाही. सोडा पाण्याचाच करतात हे माझ्या ध्यानात आलं ते मशीन वेशीत उतरवल्यावर.

वेस होती, तट नव्हता. चोर भला माणूस असता तर वेशीतून आला असता, एवढाच तिचा उपयोग. घरटी घोंगड्यांचे माग होते म्हणे. मी गेलो तेव्हा चार घरांत एक माग वाजायचा, तोही दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा, थांबून थांबून. गल्लीत शिरलं की ओल्या लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास नाकात बसायचा, तो जेवताना भाकरीलाही यायचा. तिथला पाऊस असा विरळ की दोन थेंबांच्या मधून माणसानं कोरडं घरी जावं. आणि पुरुष? कुणी पलटणीत, कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी विट्याच्या लोकांच्या मागून सोनं गाळायच्या धंद्यात लांबच्या शहरांत. गावात उरलेले म्हणजे म्हातारे, लंगडे आणि मी.

मी मात्र गावात मोजला जात नव्हतो. कारण दोरावर माझी जागा नव्हती.

हा दोर सांगितल्याशिवाय धावरी सांगता येत नाही. माघात नाथाचा रथ निघायचा, देवळापासून नदीच्या कोरड्या पात्रातून पलीकडच्या पारापर्यंत. रथ म्हणजे दुमजली लाकडी डोंगर. त्याला मांडीएवढा जाड घायपाताचा दोर, आणि दोरावर प्रत्येक घराची जागा ठरलेली. पहिली जोडी कुणाची, दुसरी कुणाची, डावा हात कुणाचा, उजवा कुणाचा, सगळं आबांच्या तोंडपाठ. आबा म्हणजे दोराचे मानकरी, ऐंशीच्या घरातले, आवाज मात्र अठरा वर्षांच्या बोकडाचा. जो माणूस परगावी असेल त्याचा पटका त्याच्या जागी दोराला बांधायचा. पटका बांधला म्हणजे माणूस हजर. परत आला की त्यानं आधी देवळात जायचं, दोरावरचा आपला पटका सोडून डोक्याला गुंडाळायचा आणि मगच घरचा उंबरा ओलांडायचा. आणि माणूस मेला तर घरच्यांनी गाठ सोडायची, ती जागा ते सांगतील त्याला द्यायची. सुटलेली गाठ पुन्हा बांधायची नाही.

मी पहिला रथ पाहिला तेव्हा दोरावर माणसं कमी आणि पटके जास्त होते. लाल, केशरी, पांढरे, वाऱ्यावर फडफडणारे. गावात कुणीतरी जत्रेचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. खोबरं उधळलं, ढोल घुमले, "नाथाच्या नावानं..." झालं, म्हाताऱ्यांनी जोर लावला आणि रथ वाळूत जो रुतला तो दुपारपर्यंत हलला नाही. मी बाह्या वर करून पुढं झालो. तेव्हा मी गडी असा होतो की म्हशीला शिंगं धरून बसवावं.

आबा ओरडले, "पावणं! हात न्हाई लावायचा!"

"आबा, जागा मोकळीच हाय की."

"मोकळी न्हाई. तितं मारुती उभा हाय, ह्यो तुकाराम हाय. दिसत न्हाईत व्हय तुमाला?"

मला नुसते पटके दिसत होते. त्यांना माणसं दिसत होती. रथ तिन्हीसांजेला हलला, पाराशी पोचलाच नाही.

वाईट वाटायचं ते रथाचं नव्हे. उन्हाळ्यात बारवेचा झरा बारीक झाला की पाण्याची पाळी दोराच्या क्रमानं लागायची. पहिली जोडी, पहिली घागर. सगळी गावकी संपली की मग माझी. तोवर खाली जे उरायचं त्याला पाणी म्हणण्यापेक्षा पातळ जमीन म्हणावं. ते फडक्यानं सात वेळा गाळून मी सोडा करायचो. लिंबाचा अर्क जरा जास्त टाकायचो, म्हणजे रंगाबद्दल कुणी बोलत नसे. मान मात्र भरपूर. दिसलो की, "या पावणं, बसा पावणं," घोंगडं झटकून अंथरलं जायचं. दोन वर्षं मी त्या गावात राहत होतो आणि दोन्ही वर्षं कालच आलो होतो.

मला लेका म्हणणारी एकटी बायजाक्का. तिच्याच घराचा पुढचा अर्धा भाग मी भाड्यानं घेतला होता. मध्ये कुडाची भिंत, तिच्या पलीकडं ती दिवसभर टकळीवर लोकर कातायची. टकळीचा तो भिर्रर्र आवाज माझ्या कानाला इतका सवयीचा झाला होता की सांगलीत गेलो तर झोप येत नसे. सकाळी उठलो की कुडाच्या खालच्या फटीतून एक तांब्या सरकायचा, काठोकाठ नितळ पाण्याचा. तिच्या घागरीतला. तिची जागा सातवी जोडी, उजवा हात.

तिथं बांधलेला पटका शिदूचा. शिदू तिचा एकुलता, लग्न व्हायचा, पलटणीत गेलेला. सिंगापूर पडल्याला वर्ष उलटलं होतं आणि तेव्हापासून त्याचं कार्ड नव्हतं. ती मला विचारायची, "लेका, सिंगापूर लय लांब हाय?" मी सांगायचो, "कराडच्या पुढं, आक्का." ती म्हणायची, "मग यील."

आता माझ्या धंद्याचं सांगतो. लेमन चांगलं होतं म्हणून लोक माझ्याकडं येत नसत. ते बातम्यांसाठी येत. मोटारीचा ड्रायव्हर पंधरा दिवसांपूर्वीचा पेपर आणून द्यायचा, तो मी मोठ्यानं वाचायचो. पेपरात असायचं ते दोन मिनिटांत संपायचं, मग पेपर तसाच डोळ्यांसमोर धरून पुढचं मी सांगायचो. हिटलरनं माझ्या दुकानात असे काही पराक्रम केले की ते त्याच्या घरीही माहीत नसतील. रंगात आलं की मी मध्येच थांबायचो, बाटलीची गोळी दाबायचो, फट्ट! मग आणखी दोघं बाटली मागायचे, मग मी पुढं.

चैत्रातली दुपार. ओट्यावर आठ-दहा माणसं, आबा मधोमध. पेपरात काही म्हणजे काही नव्हतं. मी एक जहाज काढलं. अजिंक्यतारा समुद्रात ढकलला तर जसा दिसेल तेवढं जहाज. त्यावर आपल्या भागातली पलटण, सिंगापुरातून निसटून निघालेली. चारशे घोडी. काळी रात्र, खालून जपानी बोट आलेली. घोड्यांना आधी कळलं, ती खिंकाळायला लागली...

कुडापलीकडची टकळी थांबली.

ती थांबलेली मी ऐकली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ऐकली, आणि तरी जहाज बुडवलं. कारण दोघांनी बाटल्या पुढं केल्या होत्या, आणि आबा तोंड उघडं टाकून ऐकत होते, आणि त्या घटकेला मी पाहुणा नव्हतो. चारशे घोडी पोहत होती, आणि त्यांच्या आयाळी धरून गडी एकमेकांना हाका मारत होते, आणि मग एकेक हाक कमी होत गेली.

बायजाक्का बाहेर आली. हाताला लोकर चिकटलेली.

"पेपरात हाय व्हय त्ये?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"हाय," मी म्हणालो.

"कुटं? बोट लाव."

मी तिचं बोट धरलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या एका चौकटीवर टेकवलं. ती केसांच्या तेलाची जाहिरात होती.

तिनं पेपर मागून घेतला. बोट होतं तिथं हळदीचा ठिपका लावला, घडी घातली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या नेहमीसारखा सरकला. टकळीही सुरू झाली. मी मनाशी म्हटलं, आज सांगू. मग म्हटलं, बाजार झाल्यावर सांगू. ज्वारीची पेरणी झाली, थंडी पडली, घोंगडी महागली, तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास गल्लीत फिरला. दहा महिने मी रोज उद्या सांगणार होतो. मधल्या काळात ते जहाज शेजारच्या गावांत गेलं आणि मोठं होऊन परत आलं. एका बाजारकऱ्यानं मलाच सांगितलं, घोडी आठशे होती.

माघ आला. रथाच्या सकाळी बायजाक्का देवळात गेली. अंगावर धुतलेलं लुगडं. सातव्या जोडीशी बसली आणि उजव्या हाताची गाठ सोडायला लागली. तीन-चार वर्षांची गाठ, ऊन खाऊन लाकूड झालेली. तिनं ती दातांनी सोडवली.

आबा वाकून म्हणाले, "बायजा, सुटली की सुटली बग. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय आबा."

"जागा कुनाला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. तेच बोट. "ह्याला. ह्योच माझं लेकरू आता."

तिथं सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, आक्का, थांब. ढोल सुद्धा तेव्हा वाजत नव्हते. मी हात पुढं केला. आबांनी रिवाजाप्रमाणं मेलेल्याचा पटका माझ्या उजव्या तळव्याला गुंडाळला आणि मी दोर धरला.

आणि काय सांगू, रथ निघाला! वाळूतून असा निघाला की मागचे म्हातारे दोराबरोबर फरफटत आले. गुलालानं आभाळ दिसेना. दोराला चोळलेलं करंजाचं तेल तळव्यात झिरपत होतं, दोराचे काटे पटक्यातून टोचत होते, खोबऱ्याचे तुकडे टाळक्यावर बसत होते, आणि आबा किंचाळत होते, "वड माझ्या गड्या! वड!" मला गड्या म्हटलं होतं. रथ पारापर्यंत गेला. जन्मात मला इतकं सुख झालं नाही. हेच तर कडू आहे. ते सुख खोटं होतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. ते खरं होतं.

त्यानंतरचे दोन उन्हाळे मी सातवी घागर भरली. नितळ पाण्याचा सोडा केला. बारशाला, बोलाचालीला मला बोलावणं यायला लागलं. पोरं मला मामा म्हणायची. बायजाक्का मला हाताला धरून जेवायला बसवायची, हुलग्याचं माडगं वाढायची आणि मी पितो कसा ते बघत राहायची. मी बातम्या सांगायचं कमी केलं. लोक म्हणायचे, मामा आता पोक्त झालं.

लढाई संपली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भरदुपारी मोटारीतून शिदू उतरला.

इतका वाळला होता की सावलीसुद्धा पातळ पडली होती. वर्ण पिवळा, कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. जपान्यांच्या कैदेत होता. उतरला तो सरळ देवळात गेला. दोरावर रथाकडून मोजत गेला, सातव्या जोडीशी थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग उघड्या डोक्यानं घरी आला.

त्या दिवशी कुडापलीकडून काय आवाज आला ते मी सांगणार नाही. भिंत पातळ होती, सगळं ऐकलं. पण ते माझं नाही.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. ओट्यावर आबा होते, आणखी पाच-सहा होते.

"पावणं, एक लेमन द्या."

मी दिलं. तो गोळीशी बोटानं खेळत बसला.

"आय म्हनती तुमी गोष्ट लय झ्याक सांगता. मी बुडालो कसा, ती सांगा की."

"आता कशाला शिदू..."

"सांगा की. तवा मी न्हवतो न्हवं तितं."

देवाशपथ, मी सांगितली. घोडी खिंकाळायला लागली तशी मला माझी लय सापडली. जहाज बुडलं. हाका कमी होत गेल्या. शिदू कान देऊन ऐकत होता.

"घोडी किती म्हनला?"

"चारशे."

"लय हुती." त्यानं पिशवीतून पेपर काढला, घडी उलगडली. हळदीचा ठिपका तपकिरी झाला होता. "मला वाचाया येतंय आता. कॅम्पात एकानं शिकवलं." आणि ठिपक्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, "के-स ग-ळ-णे थां-ब-ते." मग माझ्याकडं बघितलं. "तेलात बुडालो व्हय मी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"आबा, माजी जागा?"

आबांचा बोकडासारखा आवाज पार आत गेला होता. "गाठ सुटली गड्या. सुटल्याली गाठ कुनी बांधत न्हाई."

"मी जिता हाय की आबा."

"त्ये दिसतंय. पर गाठ सुटली."

आबा माझ्याकडं बघायला लागले. मग सगळेच. दोरावरच्या माणसानं आपण होऊन जागा सोडली तर ती देता येते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडात तो आलाही होता.

"आणखी एक देऊ का, लेमन?" मी विचारलं.

शिदू उठला. "नगं," म्हणाला. "पानी लय लागतंय त्याला."

चौथ्या दिवशी तो विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्याबरोबर निघून गेला. कुणी म्हणायचं मद्रासला, कुणी म्हणायचं कलकत्त्याला. मी काही सांगितलं नाही. लोक विचारायचे, "मामा, तुमचा अदमास काय?" मी बाटल्या विसळत राहायचो.

तांब्या सरकायचा थांबला, पण त्याची गरजही नव्हती, माझी घागर सातवी होती. टकळी चालू होती. मी समोर दिसलो की बायजाक्का उठून घोंगडं झटकायची आणि अंथरायची.

"बसा पावणं," म्हणायची.

दोन वर्षं मी त्या घोंगड्यावर बसलो. तिनं एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही लेका म्हटलं नाही. शेवटी एका सकाळी मशीन मोटारीच्या टपावर चढवलं. तेव्हा पेट्रोल मिळायला लागलं होतं, ढकलावं लागलं नाही. माझी जागा मी कुणाच्याच नावे केली नाही. घ्यायला कुणी उरलंही नव्हतं.

तर परवा रथ पाराशी पोचला. ट्रॅक्टरनं अर्ध्या तासात काम उरकलं. देवळामागं पत्र्याखाली मला जुना दोर सापडला, उंदरांनी खाल्लेला. निम्मा कुणीतरी मांडवाला नेला असावा. काही पटके अजून गाठीत होते, चिंध्या झालेले, गाठी मात्र घट्ट. मी गुडघ्यावर बसलो आणि मोजलं. सातव्या जोडीपर्यंत दोर शिल्लक होता. पिशवीतून पटका काढला. सुटलेली गाठ पुन्हा बांधायची नाही, तरी बांधायला गेलो. बोटं वळेनात.

"ओ पावणं! सरा जरा, ट्रॅक्टर मागं घ्यायचाय!"

ड्रायव्हर पंचविशीतला, डोळ्यांना काळा चष्मा. इंजिन धडधडत होतं. माझ्या हातातल्या चिंधीकडं बघून तो वरूनच ओरडला, "कुनाचा पटका हो त्यो?"

माझं तोंड उघडलं. आयुष्यभराची सवय, लगेच सगळं गोळा झालं: समुद्र, काळी रात्र, चारशे घोडी. मी ते गिळलं.

"शिदूचा," मी म्हणालो. "तो बुडाला नव्हता. जहाज नव्हतंच."

त्यानं कानाला हात लावला. "आँ?"

"जहाज नव्हतंच!"

तो हसला. म्हाताऱ्यांना हलवतात तशी मान हलवली. "व्हय, व्हय," म्हणाला, "तिकडं सावलीला बसा, पावणं," आणि त्यानं गियर टाकला.